जुना बटाला लेथ, सहा फुटी बेड, आठ इंची थ्री-जॉ चक: साफसफाई आणि आउट काढणे

शतांश (धागाकर्ता)

बटाला मेक, कोन पुलीचा, सहा फुटी बेडचा लेथ नीट करायला घेतला आहे. मशीन तीन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये बंद होतं. आत्तापर्यंत जे मोजलंय ते देतो.

सेंटरची उंची १७५ मिमी. लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचा. स्पिंडलच्या नाकाला आटे, त्यावर बॅकप्लेट, बॅकप्लेटवर चक, म्हणजे तीन जॉंनी (जबड्यांनी) जॉब धरणारा भाग. स्पिंडल गनमेटलच्या बुशमध्ये फिरतं, वर कॅप आणि कॅपखाली शिम (पातळ पत्रे).

चकमध्ये २५ मिमीचा ग्राउंड बार धरून डायल (सुईचं मोजयंत्र) लावला. जॉपासून २५ मिमीवर आउट (फिरताना बारचं डगमगणं) ०.३५ मिमी, १०० मिमीवर ०.६०. चकची चावी एका ठरावीक जागी अडखळते. बेडवर चकजवळच्या फूटभर भागात तांबूस गंज, टेलस्टॉककडे कमी. क्रॉस स्लाइडचं हँडल पाव फेऱ्यापेक्षा जास्त मोकळं फिरतं. मोटर ३ फेज, २ एचपी.

दोन सल्ले मिळाले: जॉ ग्राइंड करून घ्या, आणि बेडला एमरी मारून चकचकीत करा. दोन्ही करण्याआधी इथं विचारतोय.

उद्यमनगर

दोन्ही करू नका. आत्ता तर अजिबात नाही.

तुमचे दोन आकडे एकत्र वाचा. स्क्रोल (जॉ आत-बाहेर सरकवणारी चकमधली सर्पिल खोबणीची चकती) झिजला असता तर बार आहे तसा बाजूला सरकला असता आणि दोन्ही ठिकाणी आउट जवळपास सारखा आला असता. इथं ७५ मिमी अंतरात तो ०.२५ ने वाढतोय, म्हणजे बार तिरका उभा आहे. याची कारणं दोनच. एकतर जॉचं तोंड भोंग्यासारखं पसरलंय, नाहीतर अख्खा चक तिरका बसलाय.

दुसऱ्या कारणाचा हिशोब करून बघा. डायलवरचा फरक ०.२५, म्हणजे अक्ष ७५ मिमीत ०.१२५ ने कललाय. स्पिंडलचा खांदा ७० मिमी व्यासाचा धरला तर तेवढ्या कलासाठी खांद्यावर एका बाजूला ०.१२ मिमीचा कचरा पुरतो. झेरॉक्सच्या कागदापेक्षा जेमतेम जाड. बॅकप्लेट आणि खांदा यांच्यात चेपून बसलेली एक चिप एवढं सहज करते.

म्हणून तपासणी स्पिंडलपासून बाहेर या क्रमानं करा. चक आणि बॅकप्लेट उतरवा, सगळं पुसा. स्पिंडलच्या आतल्या टेपरला डायल लावा, ०.०१ च्या आत हवा. मग नाकाचा गोल भाग आणि खांद्याचा फेस. मग एकटी बॅकप्लेट चढवून तिचा फेस आणि चक ज्यावर बसतो ते रजिस्टर, दोन्ही ०.०२ च्या आत. मग चकची बॉडी बाहेरून. बार सगळ्यात शेवटी. ज्या पायरीवर आकडा उडी मारेल तिथं दोष आहे. जॉ ग्राइंड करून तिरका चक सरळ होत नाही. उलट जॉ तिरके कापले जातात, आणि पुढं कधी चक नीट बसला की तेच जॉ चुकीचे ठरतात.

मळसूत्र

चक उतरवताना घ्यायची काळजी, कारण सगळ्यात जास्त मोडतोड इथंच होते.

आटे गंजलेत असं धरूनच चाला. बॅक गिअर अडकवून, कोन पुलीची पिनही लावून स्पिंडल जाम करायचं आणि जॉवर पाइप लावून हिसका द्यायचा, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. त्यात बॅक गिअरचा दात जातो. ते गिअर कास्ट आयर्नचे, आणि हिसका एकाच दातावर येतो.

बॅकप्लेटच्या मागं, आट्यांच्या सुरुवातीला डिझेल आणि गिअरबॉक्सचं एटीएफ तेल अर्धं-अर्धं मिसळून सोडा. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. मग चकमध्ये जाड हेक्स बार, ३० मिमीच्या वरचा, घट्ट धरा. त्यावर लांब पाना लावा आणि पान्याच्या टोकाला जड हातोडीनं एक झटक्याचा ठोका द्या. स्पिंडलच्या स्वतःच्या वजनाची जडता आणि पट्ट्याची पकड बहुतेक वेळा पुरते. नाही सुटला तर बॅकप्लेटचा बॉस ब्लो लॅम्पनं सगळीकडून सारखा, हाताला चटका बसेल इतपतच गरम करा आणि लगेच पुन्हा ठोका. एकाच जागी ज्योत धरू नका, कास्ट आयर्नला तडा जातो.

सुटण्याआधी बेडवर लाकडी फळी ठेवा. आठ इंची चक पंधरा किलोच्या आसपास असतो आणि शेवटचा आटा सुटला की सरळ बेडच्या व्ही-आकाराच्या मार्गावर पडतो.

नाकाचे आटे साफ करायला जुन्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा आट्याच्या आकाराला घासून घ्या आणि खोबणीतून हातानं फिरवा. बॅकप्लेटच्या आतल्या आट्यांसाठी टोक वाकवलेली, घासलेली तार. ब्रशनं मधला काळा दाट थर निघत नाही.

कातकाम

बेडबद्दल. एमरी नको, याचं कारण चमक नाही. एमरीचा कण कास्ट आयर्नच्या छिद्रांत रुततो आणि मग सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) प्रत्येक फेऱ्यात स्वतःलाच लॅप करत राहते. शिवाय हातानं एमरी मारली की मधे खड्डा पडतो आणि कडा गोल होतात.

गंजावर पातळ तेल किंवा रॉकेल सोडा, अर्धा तास थांबा. दाढीचं साधं ब्लेड होल्डरमध्ये धरून जवळजवळ आडवं, वीस अंशांपेक्षा कमी कोनात ढकला. गंज तपकिरी लोण्यासारखा ब्लेडवर गोळा होतो आणि खालचं लोखंड तसंच राहतं. हाताला जो करकरीतपणा जाणवतो तो नाहीसा झाला की थांबा. उरलेले काळे डाग हे डाग आहेत, उंचवटे नाहीत. ते काढायच्या मागं लागू नका, तिथं तेल धरून राहतं. खरे उंचवटे म्हणजे टूल किंवा चक पडून उठलेल्या कडा. त्या बारीक ऑइल स्टोन सपाट धरून हलक्या हातानं घ्या, स्टोनला फक्त उंच जागा लागू द्या.

शेवटी स्वच्छ रॉकेल, सुती कापड आणि लगेच स्लाइडवे तेल ६८. कॉटन वेस्टचे धागे सॅडलखाली जातात, म्हणून पुसायला जुनी बनियन बरी.

गनमेटल

सॅडल उतरवलीच असेल तर वायपरचे फेल्ट आधी बघा. जुन्या मशीनवरचा फेल्ट हातात घेतला की काळ्या डांबराच्या वडीसारखा लागतो. तो रॉकेलमध्ये पिळा आणि भांड्याच्या तळाशी चुंबक फिरवा: चुंबकावर करड्या भुकटीची मिशी उभी राहते. ही भुकटी बेडवर घासत होती. धुवून वापरू नका, नवा ५ मिमीचा दाट लोकरी फेल्ट कापून, तेलात रात्रभर भिजवून बसवा. पितळी पट्टीनं तो जेमतेम टेकला पाहिजे, चेपला नाही.

तेलाची भोकंही बघा. रंग देताना बुजवलेली असतात. ३ मिमीचं ड्रिल हातात धरून, मशीन न लावता, हलकेच फिरवा. मग इंजेक्शनच्या सिरिंजनं रॉकेल आत ढकलून दुसऱ्या बाजूनं येतं का बघा. ॲप्रनमधली (सॅडलच्या पुढच्या पेटीतली) किमान दोन-तीन भोकं कायमची बंद सापडतात आणि त्याच शाफ्टची बुश खलास झालेली असते.

पाझर

चक आणि बाकी भागांचा गंज काढायला इलेक्ट्रोलिसिस सांगतात. मळीत (मोलॅसिसमध्ये) बुडवून ठेवणं पण ऐकलंय. कुठलं चांगलं?

कातकाम

भागावर अवलंबून आहे.

हँडव्हील, ब्रॅकेट, चेंज गिअरचं कव्हर, टेलस्टॉकची बॉडी अशा न कडक केलेल्या लोखंडी भागांना इलेक्ट्रोलिसिस उत्तम. वीस लिटरचं प्लास्टिक पिंप, धुण्याचा सोडा १०० ते १५० ग्रॅम. बॅटरी चार्जर १२ व्होल्टचा, ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक साध्या सळईच्या तुकड्यांना. करंट २ ते ५ अँपिअर, वेळ रात्रभर. टोकं उलटी लावली तर तुमचाच भाग विरघळतो. धन बाजूला स्टेनलेस कधीच लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. गॅल्व्हनाइज्डही नको. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर करा आणि चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप काढू नका.

कडक केलेले भाग, म्हणजे जॉ, स्क्रोल आणि सगळ्या स्प्रिंगा यात टाकू नका. हायड्रोजन कडक पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. गनमेटलची नट, झिंकचे डायल, ॲल्युमिनियमची पुली हेही नाही.

मळी आपल्याकडे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात सहज मिळते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, एक ते दोन आठवडे. काम छान करते, पण कास्ट आयर्न दर तीन दिवसांनी बाहेर काढून बघावं लागतं. गंज संपल्यावर ती लोखंडालाच लागते आणि पृष्ठभाग करडा, मऊ होतो. मोजमापाच्या फेसना मी मळी सुचवणार नाही. झाकण सैल ठेवा, आंबून वायू होतो.

दोन्हीनंतर उकळतं पाणी ओता, भाग गरम असतानाच पुसा आणि लगेच तेल लावा. दहा मिनिटं तसाच ठेवला तर पुन्हा तांबूस होतो.

उद्यमनगर

चकसाठी यातलं काहीच लागत नाही, रॉकेल पुरतं. आता तो खोलायचा कसा ते लिहितो.

प्रथम चावी फिरवत जॉ बाहेर काढा. जॉवर १, २, ३ आकडे असतात, बॉडीच्या खाचांवरही असतात. नसतील तर आत्ताच सेंटर पंचनं टिंब मारा. मागच्या झाकणावर आणि बॉडीवर समोरासमोर एकेक टिंब, म्हणजे झाकण परत त्याच जागी बसेल. झाकणाचे स्क्रू अडकले असतील तर इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, साध्या स्क्रू ड्रायव्हरनं डोकी गोल होतात.

तीन पिनिअन (चावी बसते ते छोटे गिअर) तीन छोट्या स्क्रूंनी किंवा पिनांनी अडकवलेले असतात, ज्यांचं टोक पिनिअनच्या गळ्यातल्या खोबणीत बसतं. ते मागं घ्या, पिनिअन चावीत धरून सरळ बाहेर ओढा. पिनिअन कुठल्या भोकातला ते लिहून ठेवा. पिनिअन निघाल्याशिवाय स्क्रोल ठोकायचा नाही. त्याचे बेव्हल दात मागच्या बाजूला असतात आणि पिनिअनवर अडून तुटतात. मग बॉडीचं तोंड वर, मागची बाजू खाली दोन लाकडांवर. जॉच्या खाचांतून पितळी दांडा घालून तिन्ही बाजूंना आळीपाळीनं हलके ठोके. तिरका झाला की लगेच अडकतो, अशा वेळी परत वर ढकलून पुन्हा सुरुवात करा.

आत काय दिसतं ते सांगतो, कारण चावी अडखळण्याचं उत्तर तिथं आहे. ग्रीस आणि कास्ट आयर्नची धूळ मिळून काळं सिमेंट झालेलं असतं, स्क्रोलच्या खोबणीच्या तळाशी कडक बसलेलं. नख लागत नाही. लाकडी काडी टोकदार करून स्क्रोलच्या वळणातून बाहेरून आत एका दमात ओढत न्या, मग टूथब्रश आणि रॉकेल. बेव्हलच्या प्रत्येक दाताच्या मुळाशी बघा. पिनिअनच्या दातात चेपलेली एक पोलादी चिप असली की चावी दर फेऱ्याला नेमक्या त्याच जागी अडते.

जॉच्या मागच्या दातांवर आणि स्क्रोलच्या कडांवर उठलेली धार ऑइल स्टोननं काढा. कानस नको, कडक भागावर नुसती घसरते.

मळसूत्र

जोडताना ग्रीस किती, यावर माझं मत ठाम आहे. बेव्हल दात आणि स्क्रोलच्या मागच्या बाजूला मॉलिब्डेनमच्या ग्रीसचा बोटानं पुसलेला थर, बस. स्क्रोलची पुढची बाजू आणि जॉच्या खाचा यांना फक्त पातळ तेल. पुढच्या बाजूला ग्रीस भरला की तो चिप धरतो आणि वर्षभरात तेच सिमेंट परत तयार.

गनमेटल

याच्याशी पूर्ण सहमत नाही. कास्ट आयर्न टर्न करणाऱ्या चकला तुमचं बरोबर आहे. पण कूलंट सतत चालत असेल तर नुसतं तेल दोन दिवसांत धुतलं जातं आणि स्क्रोल कोरडा घासतो. तिथं पुढंही पातळ ग्रीस हवा, आणि चक जास्त वेळा खोलायची तयारी हवी.

मळसूत्र

कूलंटचं मान्य. सुका लेथ आणि ओला लेथ हा भेद मी करायला हवा होता.

जॉ घालण्याचा क्रम: स्क्रोलचं सुरुवातीचं टोक १ नंबरच्या खाचेत दिसेपर्यंत चावी फिरवा, मग किंचित मागं घ्या. १ नंबरचा जॉ दाबून धरा आणि चावी पुढं. टोकानं जॉ पकडला की हाताला कळतं. टोक २ नंबरच्या खाचेत येण्याआधी दुसरा जॉ, मग तिसरा. तिन्ही आत नेऊन मध्यभागी एकत्र टेकतात का बघा. एक जॉ मागं राहिला तर त्यानं एक वळण चुकवलंय, परत काढा.

शतांश (धागाकर्ता)

सगळं क्रमानं केलं. आकडे देतो.

स्पिंडलचा टेपर ०.०१. खांदा पुसल्यावरही डायलची सुई एका जागी उडत होती. भिंगातून पाहिलं तर खसखशीएवढी पोलादी चिप चपटी होऊन खांद्यात रुतलेली, वरून काळी, कडेनं चमकणारी. ब्लेडच्या कोपऱ्यानं उचलली, स्टोन फिरवला. त्यानंतर खांदा ०.०१. बॅकप्लेटच्या फेसवर तिचाच ठसा होता, त्याची कड उठलेली, तीही काढली. बॅकप्लेटचा फेस ०.०२, रजिस्टर ०.०१.

चक खोलला. एका पिनिअनच्या दातात चिप होती, चावी आता सगळीकडे सारखी फिरते. जोडल्यावर २५ मिमीचा बार: २५ मिमीवर ०.०८, १०० मिमीवर ०.११.

स्पिंडलमध्ये लाकडी दांडा घालून उचललं तर नाकावर डायल ०.०९ दाखवतो. हे जास्त आहे ना?

उद्यमनगर

०.०८ साध्या स्क्रोल चकला उत्तम आहे. नवा साधा चकसुद्धा याच्या आसपासच असतो. आता आणखी एक गोष्ट करा. तोच बार तिन्ही पिनिअननी आळीपाळीनं आवळून तीनदा मोजा. एका पिनिअनला आउट सगळ्यात कमी येईल, त्यावर ठळक टिंब मारा आणि कायम शेवटचा आवळा तिथूनच द्या. मग १०, २५ आणि ५० मिमीचे बार मोजा. आउट तिन्ही वेळा एकाच दिशेला असेल तर चक रजिस्टरवर सरकलेला आहे, बोल्ट सैल करून ठोकून मधे आणता येतो. दर व्यासाला दिशा बदलत असेल तर तो स्क्रोलचा स्वभाव आहे, सोडून द्या. नेमकं काम फोर-जॉवर करा.

गनमेटल

०.०९ जास्त आहे, पण बुश बदलायची घाई नको. कॅपखालचे शिम दोन्ही बाजूंनी सारखेच कमी करा, एका वेळी ०.०५. गाडीच्या क्रँकला वापरतात ती प्लास्टिगेजची तार ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळते. जर्नलवर (स्पिंडलचा बुशमध्ये फिरणारा भाग) अक्षाला समांतर ठेवून कॅप आवळा, उघडा, चपटी झालेली रुंदी पट्टीशी जुळवा. ५० मिमी जर्नलला ०.०३ ते ०.०४ राहू द्या. शून्यावर आणाल तर तेलाला जागा राहत नाही आणि गनमेटल स्पिंडलला चिकटतं.

मग हायड्रॉलिक ६८ तेल सोडून मधल्या स्पीडला अर्धा तास चालवा. कॅपवर तळहात सहज टेकवता आला पाहिजे. पाच सेकंद ठेवता येत नसेल तर घट्ट झालंय, अर्धा शिम परत घाला. आणि कॅप उघडलीच आहे तर तेलाच्या विकाची लोकर बदला. ती कडक झाली की तेल वाटीत भरलेलं दिसतं, खाली एक थेंब जात नाही.

वायरमन

मोटरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. सिंगल फेजवर चालवायचा असेल तर २ एचपीला व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) ठीक. पण आपल्याकडच्या २ एचपीपर्यंतच्या मोटर सहसा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर त्या डेल्टात जोडाव्या लागतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा तारा असतील तर पट्ट्या बदलून होतं. तीनच तारा बाहेर असतील तर स्टारचा सांधा आत आहे, वाइंडरकडून तो उघडून घ्या. नेमप्लेट बघितल्याशिवाय काही करू नका.

आणि स्पिंडलच्या नाकाला आटे आहेत हे फार महत्त्वाचं. व्हीएफडी मोटर झटकन थांबवतो, चकचं वजन मात्र फिरतच राहतं, आणि चक आपोआप सुटून हातावर येतो. थांबायचा वेळ ६ ते ८ सेकंद ठेवा, रिव्हर्स पॅनलमधूनच बंद करा, आणि कोन पुलीच्या मूळ सगळ्यात जास्त स्पीडच्या वर फ्रिक्वेन्सी नेऊ नका. जुना कास्ट आयर्नचा चक जास्त वेगासाठी बनलेला नाही.

शतांश (धागाकर्ता)

शिम कमी करून स्पिंडल ०.०४ वर आला, गरम होत नाही. व्हीएफडीचे आकडे लिहून ठेवले.

आता बेड. टेलस्टॉकचा बेस आतल्या, न झिजलेल्या व्हीवर ठेवून त्यावर डायल बसवला आणि सॅडलचे मार्ग मोजले. चकजवळ पुढचा व्ही ०.०८ खाली, मागचा सपाट मार्ग ०.०३ खाली. बेड ग्राइंडिंगला पाठवावा का?

कातकाम

पाठवू नका. नुसतं ०.०८ खाली जाण्यानं व्यासात काही पडत नाही, टूल सेंटरखाली तेवढं गेलं तर ४० मिमीच्या जॉबवर फरक मायक्रॉनच्याही आत राहतो. फरक पडतो पुढचा आणि मागचा मार्ग वेगळा झिजल्यानं, कारण सॅडल तुमच्याकडे झुकते. तुमच्याकडे हा फरक ०.०५. मार्गांमधलं अंतर २५० मिमी धरलं तर १७५ उंचीवर टूल ०.०३५ मागं येतं, म्हणजे व्यासात ०.०७. तेही फूटभर लांबीत हळूहळू. पन्नास-साठ मिमीच्या बुश-पिनच्या कामात ते दिसणारसुद्धा नाही.

ग्राइंडिंगला गेलात की काम वाढतं. बेड ०.३ उतरला की सॅडल खाली येते. मग हाफ नट लीड स्क्रूच्या रेषेखाली जातात, रॅकचा पिनिअन सैल होतो, टेलस्टॉकचा सेंटर खाली जातो. सॅडलखाली टर्साइटची (कमी घर्षणाच्या प्लास्टिकची) पट्टी चिकटवून, स्क्रेप करून उंची परत आणावी लागते. झीज ०.२ च्या पुढं असेल तरच हा खर्च करावा.

त्याऐवजी लेव्हल करा. आधी मशीन लेव्हलनं दोन्ही टोकांना आडवं, मग दोन कॉलरची चाचणी. ४० ते ५० मिमीचा बार चकमध्ये, टेलस्टॉकविना, १५० मिमी अंतरावर दोन कॉलर, मधला भाग खाली घेतलेला. धारदार एचएसएस टूलनं दोन्हींवर ०.१ चा एकच कट, क्रॉस स्लाइड न हलवता. बारीक बार घेतलात तर टूल त्याला ढकलतं, बाहेरची कॉलर मोठी येते आणि दोष बेडला दिला जातो.

शतांश (धागाकर्ता)

४५ मिमीचा बार घेतला. बाहेरची कॉलर ०.०४ ने मोठी आली, तीनदा सारखीच.

कातकाम

मग हे झिजेमुळं नाही. तुमच्या झिजेनं चकजवळची कॉलर मोठी यायला हवी होती. बेड पिळलेला आहे.

व्यासात ०.०४ म्हणजे टूल १५० मिमीत अक्षापासून ०.०२ लांब जातंय. पायांतलं अंतर १२०० असेल तर शेवटपर्यंत आठपट, ०.१६. पायाची रुंदी सेंटरच्या उंचीच्या दुप्पट धरली तर पत्रा ०.३ च्या आसपास. टेलस्टॉककडच्या तुमच्या बाजूच्या पायाखाली घाला. तिथं उचललं की सॅडल मागं कलते आणि टूल अक्षाकडे जातं. हिशोब ढोबळ आहे, बोल्ट आवळून पुन्हा कट घ्या. नवा पत्रा एक-दोन दिवसांत बसतो, मग परत तपासा.

पाझर

धागाकर्त्यांचा आउट सुटला, पण माझ्या चकचे जॉ खरंच भोंग्यासारखे झालेत. ग्राउंड बारवर पुढच्या टोकाला ०.०५ चा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) आत जातो, मागं जात नाही. खांदा, बॅकप्लेट सगळं तपासून झालंय. आता ग्राइंड करू का?

उद्यमनगर

आता करा, पण जॉ आवळलेल्या अवस्थेत, आवळताना येतो त्याच दिशेच्या दाबाखाली. मोकळे जॉ ग्राइंड केले तर जॉब धरल्यावर ते पुन्हा कलतात.

६ मिमीच्या पत्र्याची तीन पाकळ्यांची प्लेट करा, जिच्या खाचा जॉना आत सरकताना अडवतील आणि मधलं भोक जॉपेक्षा मोठं राहील. जॉ आतल्या दिशेनं आवळले की ते प्लेटवर दाबले जातात आणि धरायचे फेस पूर्ण लांबी मोकळे राहतात. मागं चकती धरून ग्राइंड करायची पद्धतही आहे, पण चकतीखालचा भाग तसाच राहतो आणि तो नंतर वेगळा उतरवावा लागतो.

टूल पोस्टवर डाय ग्राइंडर पक्का बांधा. सेंटरला नेमका. चक सावकाश, ६० ते ८० फेरे, ग्राइंडरच्या उलट. एका पासला ०.०१, शेवटचे दोन-तीन पास काप न वाढवता. बेड, सॅडल, स्पिंडलचं भोक सगळं ओल्या कापडानं झाका. संपल्यावर कापड झटकू नका, घडी घालून उचला. आणि चक पुन्हा पूर्ण खोलून धुवा, कारण ग्राइंडिंगची भुकटी आता स्क्रोलमध्ये आहे.

शतांश (धागाकर्ता)

०.३ चा पत्रा घातला, फरक ०.०१५ राहिला. ०.१ आणखी घातला, आता ०.००५. दोन दिवसांनी पुन्हा मोजून लिहितो.

क्रॉस स्लाइडची नट तेवढी राहिली. नवी गनमेटलची करून घेऊ का?

गनमेटल

आधी स्क्रू बघा. हँडल मधल्या भागात मोकळं आणि दोन्ही टोकांना घट्ट लागत असेल तर स्क्रू मधे झिजलाय. त्यावर नवी नट टोकांना अडकते आणि मधे मोकळी राहते. तेव्हा दोन्ही एकत्र बदला. सगळीकडे सारखंच मोकळं असेल तर फक्त नट. त्याआधी हँडलमागचा कॉलर आणि थ्रस्ट वॉशर आवळून पाहा, निम्मी मोकळीक बऱ्याचदा तिथंच असते. ०.२५ मिमीपर्यंत राहिली तरी चालेल, कट घेताना हँडल नेहमी आतल्या दिशेनंच थांबवायचं.